मागं राहिलेली पात

शेडनेटमधलं काम म्हटलं की गावातल्या रिकामटेकड्यांना वाटतं, काय मजा आहे बायांची, दिवसभर सावलीत. सावलीत! भादव्याच्या उन्हात त्या हिरव्या जाळीखाली तासभर उभं राहून दाखवा म्हणावं. वारा बाहेर अडतो, उकाडा आत कोंडतो आणि लुगड्यावर चढवलेला नवऱ्याचा जुना शर्ट पाठीला चिकटून बसतो. हात खांद्याच्या वर, मान मागं, नजर गव्हाच्या दाण्याएवढ्या कळीवर. हे काम रेटून होत नाही, ओरडून तर नाहीच नाही. मन लागलं तरच होतं, आणि सुचिताचा सगळा जीव तिथंच अडकला होता.

सुचिता म्हणजे भागवतची बायको. देऊळगाव राजाला जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं शेत, शेतातच घर आणि एका कंपनीसाठी लावलेलं मिरचीच्या बियाण्याचं शेडनेट. पाणी, खत, फवारा भागवतकडं आणि बाया सुचिताकडं, अशी वाटणी. बायांचं काम असं की दुपारी उद्या उमलणारी कळी हेरायची, चिमट्यानं हलकेच उघडायची, आतले नर केसर काढून टाकायचे आणि मधली काडी तेवढी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीला दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर, म्हणजे पराग, लावायची आणि देठाला लोकरीचा दोरा बांधायचा. दोरा असेल ते फळ आपलं. कळी नजरेतून सुटली तर ती आपली आपणच फळते, आणि तसल्या फळाचं बी कंपनी हातात धरत नाही. बरं, फूल काही कुणाची वाट पाहत नाही. एक दिवस बाया आल्या नाहीत तर त्या दिवसाची फुलं गेलीच म्हणून समजायचं.

मागच्या साली माल कमी भरला होता. यंदा तसंच झालं तर पुढच्या वर्षी प्लॉट दुसऱ्या कुणाला देऊ, असं कंपनीनं तोंडावर सांगून टाकलं होतं. आणि नेमकं याच साली गावातल्या नारायणरावांनी नवी शेडनेट उभी केली, मजुरी वाढवली, वर बायांना न्यायला-आणायला ॲपे लावला. त्यात सोयाबीन सोंगणीला आलेलं. बाई मिळणं म्हणजे देव मिळण्याइतकं अवघड झालं. सुचिताच्या टोळीतल्या दोघी गेल्याही होत्या.

म्हणून रोज दिवस उगवला की सुचिता नेटच्या दाराशी येऊन उभी राहायची.

"काऊन अशी रस्त्याकडं डोये लावून उभी राह्यते वो?" सासू मनकर्णाबाई चुलीपासून विचारायची. "पोरीले पाह्यले पाव्हणे येऊन राह्यले का?"

"तुम्हाले मजा सुचते आत्याबाई. आज अजून एक कमी झाली त?"

"होईन त होईन. चहा घे."

पण मग वळणावरून बोलण्याचा कालवा ऐकू यायचा आणि सुचिताच्या जिवात जीव यायचा. पुढं पुष्पाबाई, उंच, सडसडीत, तोंडाची फटकळ. तिच्यामागं आशाबाई आणि अन्नपूर्णाबाई, या सख्ख्या जावा. घरी एकमेकींचं तोंड पाहत नसत, पण कामावर एकाच डब्यात जेवत. मग बाकीच्या. आणि सगळ्यांच्या मधोमध, दोघी-तिघींच्या बोलण्यात चालणारी, सुचिताच्या खांद्यालाही न लागणारी तानुबाई. गावात हे कळ्यांचं, क्रॉसिंगचं काम पहिल्यांदा आलं तेव्हा ते शिकलेली तानुबाईच, आणि बाकीच्यांना शिकवलंही तिनंच. सुचितालासुद्धा. तानुबाईच्या पोटात गोष्टींचा साठा होता. क्रॉसिंग सुरू झालं की एक गोष्ट धरायची आणि हंगाम संपेपर्यंत ती पुरवायची. यंदा एका राजाच्या धाकट्या सुनेची चालू होती. सासरच्यांनी सून रानात सोडून दिली होती, आणि तिच्या पुढ्यात वाघीण येऊन बसली होती.

"खाल्लं का मंग तिले वाघिणीनं?" आशाबाई विचारायची.

"घाई काऊन करतं? आधी ते कळी पाह्य, सुटली तुह्यी."

या बायांची एक जुनी रीत होती, निंदणातली, म्हणजे तण काढतानाची. वावरात निंदायला बसल्या की जिला जी ओळ आली ती तिची पात. कुणाचा हात चपळ, कुणाचा मंद. कुणाला रात्रभर ताप, कुणाचं पोर रडून जागवलेलं. पुढच्या बाईची पात बांधाला लागली की तिनं बसायचं नाही. मागं वळायचं, जी मागं राहिली तिची पात समोरून उचलायची आणि दोघींनी मधे भेटायचं. बांधावर सगळ्या एकदमच टेकणार. कोण मागं राहिली होती हे कुणी बोलायचंही नाही. नेटमधल्या मिरचीच्या ओळींनाही त्या पातच म्हणत, आणि रीतही तीच चाले.

एक दिवस कंपनीचा शंतनु मोटरसायकलवर आला. पोरगा चांगला होता, नाशिककडचा, बोलायला नम्र. ओळी फिरून आला, घाम पुसला आणि म्हणाला, "ताई, फळधारणा अजून कमीच दिसते."

सुचितानं जवळच्या झाडाची पानं वर करून पाहिली.

"बायका चांगल्या आहेत तुमच्या. पण सगळ्या एकच लाल दोरा बांधतात. कुणी किती केलं हे कळायचं कसं? आम्हाला आत्ताच जालन्याला ट्रेनिंग झालं. माणसाला स्वतःचं काम दिसलं पाहिजे, त्याचं कौतुक झालं पाहिजे. मग सांगावं लागत नाही, टीम आपोआप झटते."

"म्हंजे करू काय मी?"

"प्रत्येकीला वेगळा रंग द्या. शनिवारी बघा कुणाचे दोरे जास्त. ती आठवड्याची मानकरी. छोटंसं बक्षीस, टाळ्या, एक फोटो. बघा कसा फरक पडतो ते!"

भागवत नळीचं भोक बुजवत बसला होता. शंतनु गेल्यावर म्हणाला, "मले त काही पटून नाही राह्यलं. आतापर्यंत चाललंच होतं ना?"

"चाललं होतं म्हणून त माल कमी भरला," सुचिता म्हणाली. "तुम्हाले काय, तुमच्या नळ्या उठून नारायणरावाकडं जात नाही."

यावर भागवत काय बोलणार? परत नळीला लागला बिचारा.

सुचिता त्याच दिवशी देऊळगाव राजाला गेली, बालाजीच्या देवळामागच्या गल्लीतून लोकरीचे गुंडे घेऊन आली आणि सकाळी बायांच्या पुढ्यात घमेल्यात मांडले. बायांना गंमतच वाटली. पुष्पाबाईनं लाल उचलला, आशाबाईनं गुलाबी. अन्नपूर्णाबाईलाही गुलाबीच हवा होता, पण जावेनं उचलला म्हटल्यावर तिनं नाक मुरडून निळा घेतला. तानुबाई मात्र एकेक गुंडा घ्यायची, जाळीतून येणाऱ्या उजेडाकडं धरायची, मिरचीच्या पानावर ठेवून बघायची, परत टाकायची. शेवटी तिनं पिवळा धरून ठेवला.

"घ्या! म्हातारपणी हयद लागली तानुबाईले!" पुष्पाबाई ओरडली.

"लागू दे लागली त. तुह्या लग्नातली उरली होती, तेच हाय."

हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुचिताही हसली. तिला वाटलं, शंतनु म्हणाला ते खरंच आहे, बायांना हुरूप येतो.

आणि आला की हो! त्या आठवड्यात नेटमध्ये असं काम चाललं की विचारू नका. कुणी पाणी प्यायला वेळ घालवेना, कुणी तंबाखू मळायला बसेना. जी ती आपल्या रंगाच्या मागं. सुचिता पाठीमागं हात बांधून ओळींमधून फिरायची आणि इथं सुटली, तिथं सुटली असं दाखवत जायची. एकच गोष्ट तिच्या कानाला खटकत होती. नेट शांत झालं होतं. राजाची धाकटी सून आणि वाघीण रानात समोरासमोर बसून राहिल्या होत्या, आणि त्यांचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नव्हतं. पण सुचितानं मनाची समजूत घातली, की गप्पा कमी म्हणजे काम जास्त.

शनिवारी काम आटोपल्यावर तिनं बायांना दारापाशी बसवलं. ओळी फिरून पाहिलं तर पिवळंच पिवळं! खाली पिवळं, मधे पिवळं, जिकडं मान वळवावी तिकडं पिवळं. सगळ्यांत कमी कुठला रंग असेल तर लाल.

सुचिताला आनंद मावेना. तिनं स्टीलचा झाकणाचा डबा तानुबाईच्या हातात दिला. भागवतनं मोबाइलवर फोटो काढला. बायांनी टाळ्या वाजवल्या, पण तानुबाई काही हसेना. ती डबा असा धरून बसली, जणू तो दुसऱ्याचा आहे आणि मालक कधीही मागायला येईल.

इथंच सुचितानं थांबायचं होतं. पण माणूस भ्यालेलं असलं की त्याच्या जिभेला हाड राहत नाही.

"पाहा," ती म्हणाली. "साठी उलटली, पाठीले बाक आला, तरी तानुबाईचा हात पाहा. आन् तुम्ही? पुष्पाबाई, तुह्या लाल दोरा त दिवा घेऊन शोधा लागते. आठवडाभर काय हवा खात होती का? मन नसन लागत त तसं सांग. नारायणरावाचा ॲपे फाट्यावर उभाच राह्यते."

तानुबाईनं तोंड उघडलं, "सुचे, मी काय म्हणतो..." पण पुष्पाबाईनं तिच्याकडं पाहून नुसती मान हलवली, नको अशी. मग ती उठली. अंगातला शर्ट काढला, नीट घडी घातली, चिमटा आणि पावडरची डबी दाराशी ठेवली आणि चालू लागली. तिच्यामागं आशाबाई, अन्नपूर्णाबाई, मग बाकीच्या.

"एवढा तोरा!" सुचिता म्हणाली, पण तिचा आवाज आतून हलला होता.

फुलाला रविवार नसतो. दुसऱ्या दिवशी सुचिता दाराशी उभी राहिली ती राहिलीच. ऊन अंगणात आलं. फाट्याकडून ॲपेचा फटफट आवाज आला, थांबला, आणि नारायणरावांच्या वावराकडं निघून गेला. वळणावर एक बाई दिसेना. तानुबाईसुद्धा नाही. तिला तर काल डबा दिला होता!

आत कालच्या उघडलेल्या कळ्या पावडरची वाट पाहत होत्या आणि न उघडलेल्या आपल्या आपण फुलत होत्या.

"चल," भागवत म्हणाला. "होईन तेवढं करू."

सासूला घेऊन तिघंही आत शिरली. भागवतची बोटं कुदळीला सरावलेली. पहिलीच काडी त्यानं मुळापासून मोडली, दुसरी मोडली, तिसऱ्यांदा स्वतःलाच शिवी घातली. सुचिता तोंडानं काही बोलत नव्हती, पण तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

"रड, पण हात चालू ठेव," भागवत हळूच म्हणाला. "डोयातलं पाणी पावडरीत नको पडू देऊ." आणि आपल्या उपरण्याच्या टोकानं त्यानंच तिचं नाक पुसलं, लेकराचं पुसावं तसं.

मनकर्णाबाई बिनदोऱ्याची फळं तोडत पलीकडच्या ओळीत चालली होती. तिथूनच तिनं हाक मारली. "सुचे, इकडं ये. हा दोरा कोनं बांधला वो?"

"तानुबाईनं. पिवळा तिचाच आहे."

"तानीनं? आन् वर चढली कशी ते? माकडीन हाय का?"

सुचितानं वर पाहिलं. सुतळीवर चढवलेल्या झाडाच्या पार शेंड्याला, जिथं तिला स्वतःलाही टाचा उचलल्याशिवाय हात पुरत नव्हता, तिथं पिवळा दोरा होता. शेजारच्या झाडालाही शेंड्याला होता. ती भराभरा पुढच्या ओळीत गेली. तिथंही तेच. पार कोपऱ्यातल्या पुष्पाबाईच्या ओळीत, जिथं तानुबाईचं पाऊलही पडलं नव्हतं, तिथं उंचावर पिवळे दोरे रांगेनं लोंबत होते. तेवढ्या उंचीवर हात जाईल अशी टोळीत एकच बाई होती.

"पात उचलली वो त्यायनं तिची," मनकर्णाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "तानी मागं पडली असन. मंग सगळ्यायनं आपले दोरे सोडले आन् तिचे बांधले. जास्तच बांधले येड्यायनं."

सुचिता वाफ्याच्या कडेवर बसली. कालचं स्वतःचं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं. दिवा घेऊन शोधा लागते. हवा खात होती का. ज्या बाईनं दुसरीसाठी आठवडाभर आपलं नाव पुसून टाकलं, तिला आपण सगळ्यांदेखत ॲपे दाखवला! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग घमेल्यातला तो गुंडा आठवला, उजेडाकडं धरलेला, पानावर ठेवून पाहिलेला. तानुबाईला रंग निवडायचा नव्हता. आपल्या अधू डोळ्यांना जो दिसेल तो शोधत होती ती.

दुपारी सुचिता तानुबाईच्या घरी गेली. एकच खोली, पुढं तुळस, दाराशी शेळी. लेक-सून पुण्याकडं. तानुबाई उंबऱ्यातच बसली होती आणि डबा तिच्याशेजारी फडक्यात बांधून ठेवलेला होता, जसा दिला तसाच.

"घेऊन जाय तो," ती म्हणाली. "माह्या नाही तो. मी काल सांगणार होतो, पुष्पीनं बोलू नाही देलं."

"मावशी, डोळ्याचं काऊन नाही सांगितलं मले?"

तानुबाईनं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "काय सांगू? कळी दिसते मले, आतली काडी नाही दिसत. हातानं चाचपून करत होतो आतापर्यंत. लाल दोरा सगळ्यायचा होता तवर कोनाले समजत नव्हतं. रंग वेगळे केले आन् मी भेलो. पहिल्याच दिवशी पुष्पीनं पाह्यलं, माह्ये दोरे मोजकेच. म्हणे, उगी राह्य मावशी. मी नाही म्हणलं वो, लय नाही म्हणलं. ऐकते का ते?" तिनं पदरानं डोळे पुसले. "मले मजुरीचं नाही काही. पोरगं धाडते. पण सकायी उठून कुठं जाऊ मी? या शेयीशी किती बोलू?"

सुचितानं तिचे दोन्ही हात धरले. त्या हातांनीच तिला चिमटा धरायला शिकवलं होतं. "मावशी," ती म्हणाली, "पिवळा दिसते ना तुले चांगला?"

"हाव. हिरव्यात तेवढाच दिसते."

"मंग उद्या ये तू. तुह्यासाठी काम हाय. खरं काम, तोंडदेखलं नाही."

संध्याकाळी सुचिता फाट्यावर जाऊन उभी राहिली. ॲपे आला, बाया उतरल्या. तिला पाहून सगळ्या थबकल्या. आशाबाईनं उगीच पदर सारखा केला. पुष्पाबाई सरळ चालायलाच लागली.

"पुष्पाबाई, थांब. मी चुकली," सुचिता म्हणाली. फाट्यावर हॉटेलाच्या बाकड्यावर चार माणसं बसली होती, सगळी ऐकत होती, तरी तिनं आवाज खाली आणला नाही. "शेंड्यावरचे दोरे पाह्यले मी. सगळ्यांसमोर बोलली होती, सगळ्यांसमोरच सांगतो. माह्यं चुकलं."

"पाह्यले? आता पाह्यले?" पुष्पाबाई फिरली. "आठवडाभर मागं हात बांधून फिरत होती, तवा नाही दिसले? तुह्या घरी बाळंतपण झालं तवा तुह्या वावराची पात कोनं उचलली वो? तवा कोनता रंग होता?"

सुचिता वाट अडवून तशीच उभी राहिली.

"नारायणरावाकडं पंखे लावले," अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाली. "मजुरीबी जादा हाय."

"माहीत आहे मले. मी तेवढी नाही देऊ शकत. पंखाबी नाही. मी या म्हणून सांगायले नाही आली. तानुबाई उद्यापासून येऊन राह्यली, तेवढं सांगायले आली."

"ते काय करन येऊन? दिसत नाही तिले," पुष्पाबाई म्हणाली.

"आता दोरा सगळ्यायचा एकच राह्यन. पिवळा. तो तिले दिसते. बिनदोऱ्याचं फळ तोडत तुमच्या मागून चालन ते. आत्याबाई वरचे तोडतीन, ते खालचे. आन् ते गोष्ट सांगन."

पुष्पाबाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं आणि निघून गेली.

सोमवारी सकाळी सुचिता दाराशी उभी राहिली नाही. वाट पाहायचा आपल्याला हक्कच नाही असं तिला वाटत होतं. तिनं नवऱ्याचा जुना शर्ट अंगात घातला, चिमटा घेतला आणि दाराजवळची पहिली पात धरली. काल दुपारी कळ्या उघडायला माणसं नव्हती, म्हणून आज कळी उघडायची आणि लगेच पावडर लावायची. हंगामात ती कधी पात धरत नसे, नुसती मागून फिरे. तानुबाई आली होती. मनकर्णाबाईच्या हाताला धरून ती खालच्या फांद्यांवर वाकली, पिवळा दोरा दिसला की पुढं सरकायची, नाही दिसला की देठाला आधीचा दुसरा दोरा नाही ना हे चाचपून फळ खुडायची. भागवत नर फुलं गोळा करत होता. तेवढी माणसं आणि एवढं मोठं नेट. कालची सुटलेली फुलं गेली ती गेलीच होती, आजचीही अर्धी जाणार हे उघड होतं.

फाट्याकडून ॲपेची फटफट आली. सुचितानं मान वर केली नाही. आवाज जवळ आला, वळणावर आला, बांधाशी आला. आणि थांबला.

"अबे थांबव म्हणलं ना! उतरू दे आम्हाले!"

"पण मावशी, नारायणरावायनं..."

"नारायणरावाले सांग, त्यायच्या पंख्यानं माह्यी मान आखडली. जाय आता!"

पुष्पाबाई आधी उतरली. मग आशाबाई, मग अन्नपूर्णाबाई, मग एकेक करून बाकीच्या. दोघी-तिघी बसून राहिल्या आणि पुढं गेल्या. त्यांच्या घरी जादा मजुरीची गरज होती, त्यांना कोण काय म्हणणार? आलेल्या बायांनी दाराशी शर्ट चढवले. पुष्पाबाईनं घमेल्यातून पिवळा गुंडा उचलला, दातानं दोरा तोडला आणि सुचिताकडं न पाहताच आपली कोपऱ्यातली पात धरली.

थोडा वेळ पानांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मग आशाबाईचा आवाज आला. "मंग? खाल्लं का तिले वाघिणीनं?"

"खाते कशाले?" तानुबाई खालून, फांद्यांमधून म्हणाली. "वाघिणीच्या पायात काटा रुतला होता. म्हणूनच त बसली होती ते समोर."

"अगं माय! आन् आम्ही आठवडाभर भेत होतो!"

नेटभर हसू पसरलं. सुचिता हसता हसता रडली की रडता रडता हसली, तिचं तिलाच कळलं नाही.

पण काम काही हसण्यानं सरत नाही. सुचिताला सवय राहिली नव्हती. तिची मान भरून आली, खांदे पेटले, चिमट्यातून कळ्या निसटायला लागल्या. शेजारच्या बाया बघता बघता पुढं गेल्या. ऊन जाळीच्या माथ्यावर आलं आणि तिची पात अर्धीही झाली नव्हती. तिला लाज वाटत होती. कुणाला हाक मारायचं तोंड नव्हतं. ती खाली मान घालून एकेक कळीला पावडर लावत राहिली, दोरा बांधत राहिली. पलीकडं कुणाकुणाच्या पाता संपल्याच्या हाका येत होत्या. आता सगळ्या दाराशी टेकतील, पाणी पितील, आणि आपण इथंच असू, हे तिला दिसत होतं.

समोर पानं हलली. सुचितानं मान वर केली.

तिच्याच पातेत, पलीकडच्या टोकाकडून, पुष्पाबाई येत होती. हात उंच शेंड्याला, तोंडात दोरा, नजर कळीवर. तिनं सुचिताकडं पाहिलंही नाही. तिच्यामागं, त्याच ओळीच्या दुसऱ्या अंगाला, आशाबाई वाकली होती.

"पुष्पाबाई," सुचिताच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

"बोलू नको, कळी सुटन," पुष्पाबाई दाताखालचा दोरा सांभाळत म्हणाली. "ये लवकर इकडं. तुह्यामुळं सगळ्या उपाशी बसल्या."

सुचितानं डोळे बाहीला पुसले आणि पुढची कळी धरली.